सॉफ्टवेअर पॅकेजिंग : कन्सोलवर 'इन्स्टॉल्ड', मशीनवर पत्ता नाही

खटपट्या

मंडळी, आमच्या ऑफिसात साधारण चारशे विंडोज मशीन आहेत. आजवर नवीन मशीन आलं की तयार इमेज टाकायची आणि पुढे जे काही लागेल ते रिमोटवर जाऊन हाताने बसवायचं, असा खाक्या होता. आता इंट्यून (मशीन दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) आलंय आणि वरून फर्मान निघालंय, "सगळं ऑटोमेट करून टाका."

पहिल्या यादीत पीडीएफ रीडर, ब्राउझर, मीटिंगचं अ‍ॅप, बारा जीबीचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आणि एका जुन्या लेबल प्रिंटरची युटिलिटी आहे. ज्यांचा एमएसआय (विंडोजचा ठरलेल्या साच्यातला इन्स्टॉलर) मिळाला ती गपगुमान बसली. बाकीच्यांनी घाम काढलाय.

१. मीटिंगचं अ‍ॅप कन्सोलवर 'इन्स्टॉल्ड' दिसतं. माणूस फोन करून सांगतो की नाहीये. रिमोटवर जाऊन बघावं तर खरंच नाहीये.

२. प्रिंटरची युटिलिटी हाताने चालवली तर लगेच बसते. इंट्यूनमधून सोडली की तासभर नुसतं 'इन्स्टॉलिंग', मग फेल.

३. एक्सई इन्स्टॉलरचे सायलेंट स्विच (काही न विचारता बसवायला लावणारे पर्याय) शोधायचे कुठे? व्हेंडर म्हणतो, "नेक्स्ट नेक्स्ट करा, सोपं आहे."

मूळ प्रश्न असा की एकेक पॅकेज (इन्स्टॉलर, त्याची कमांड आणि तपासणी यांचा गठ्ठा) हाताने बांधत बसण्यात अर्थ आहे का? विनगेटसारखं (कमांडवरून सॉफ्टवेअर बसवणारं, अपडेट करणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) काहीतरी लावावं आणि सगळं आपलं आपण अपडेट होत राहू द्यावं, असं माझं मत होत चाललंय. अनुभवी लोकांनी बोलावं.

मिश्किल

व्हेंडरला कळवा की मशीन चारशे आहेत आणि 'नेक्स्ट' दाबायला तुमचाच माणूस पाठवा. एमएसआय कुठून तरी सापडतोच त्यांना.

स्क्रिप्टवाली

१ बद्दल लिहिते, कारण निम्मी डोकेदुखी तिथेच असते.

इंट्यून आधी डिटेक्शन रूल, म्हणजे सॉफ्टवेअर मशीनवर आहे का हे ठरवणारी तपासणी, चालवतं. तेव्हाच 'आहे' असं उत्तर आलं तर इन्स्टॉलर सुरूसुद्धा होत नाही. 'नाही' आलं तर इन्स्टॉल कमांड चालते, तिचा एक्झिट कोड (संपताना मिळणारा निकालाचा आकडा) बघितला जातो आणि रूल पुन्हा चालतो. अ‍ॅप उघडतं का, आयकॉन दिसतो का, याच्याशी कन्सोलला काही देणंघेणं नाही. त्यामुळे पॅकेजमध्ये सगळ्यात जास्त डोकं कुठे लावायचं असेल तर त्या रूलवर. लोक कमांडवर दिवस घालवतात आणि रूलमध्ये 'अमुक फोल्डर अस्तित्वात आहे' एवढं टाकून मोकळे होतात. जुनी आवृत्ती काढल्यावरही फोल्डर मागे राहतोच, मग नवीन कधी बसतच नाही.

उलटा प्रकारही होतो. अ‍ॅप व्यवस्थित बसलेलं असतं, रूलला ते सापडत नाही, आणि ०एक्स८७डी१०४१सी हा एरर येतो. त्याचा अर्थ इतकाच की 'इन्स्टॉल झालं म्हणतात, पण मला दिसत नाही'. हा कोड दिसला की इन्स्टॉलरच्या मागे लागू नका, रूल बघा.

आणखी एक चकवा. इंट्यूनचा मशीनवरचा एजंट ३२ बिटचा आहे. इन्स्टॉल कमांडमध्ये नुसतं पॉवरशेल लिहिलंत तर ३२ बिटवालं उघडतं आणि स्क्रिप्टने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) एचकेएलएमच्या सॉफ्टवेअर कीखाली केलेली नोंद गुपचूप ३२ बिटवाल्यांसाठीच्या वाऊ६४३२नोडमध्ये जाते. डिटेक्शन स्क्रिप्ट मात्र ६४ बिटमध्ये चालून खऱ्या जागी शोधत बसते. कमांडमध्ये सिसनेटिव्ह (३२ बिटमधून ६४ बिटच्या फाइलींकडे नेणाऱ्या) फोल्डरमधल्या पॉवरशेलचा पूर्ण पाथ दिला की हे मिटतं.

खटपट्या, तुमचा रूल काय आहे ते इथे टाका. त्याशिवाय सगळ्या हवेतल्या गोळ्या.

जुनाजाणता

ताईंच्या प्रतिसादाला +१. मी ३ घेतो.

इन्स्टॉलर कशाने बनवलाय ते आधी ओळखायचं. फाइलच्या प्रॉपर्टीज किंवा पहिली खिडकी बघून बहुतेक वेळा कळतं. इनो सेटअप असेल तर /व्हेरीसायलेंट, सोबत /सप्रेसमेसेजबॉक्सेस आणि /नोरीस्टार्ट. एनएसआयएस असेल तर स्लॅश आणि कॅपिटल एस. तिथे स्मॉल एस दिला तर तो ढुंकूनही बघत नाही, खिडकी उघडून बसतो. जुनं इन्स्टॉलशील्ड असेल तर /आर देऊन एकदा हाताने बसवायचं. तुम्ही दिलेली उत्तरं आयएसएस फाइलमध्ये रेकॉर्ड होतात आणि पुढे /एस सोबत तीच फाइल वापरायची.

पुष्कळ एक्सईंच्या पोटात एमएसआयच असतो. इन्स्टॉलर उघडा, पहिल्या पडद्यावर थांबवून ठेवा आणि टेम्प फोल्डरमध्ये डोकावा. सापडला तर उचला, पण एक्सई त्याला काही जास्तीच्या प्रॉपर्टी देत होता का तेही तपासा. व्हेंडरच्या एमएसआयमध्ये थेट ढवळाढवळ करू नका. बदल हवे असतील तर एमएसटी ट्रान्सफॉर्म (बदल वेगळे ठेवणारी फाइल) बनवा. पुढची आवृत्ती आली की काय बदललं होतं ते त्यामुळे समोर राहतं.

लॉग मात्र न चुकता: /एल*व्ही आणि फाइलचं नाव. १६०३ हा एरर म्हणजे 'काहीतरी बिनसलं', त्यातून काडीचीही माहिती मिळत नाही. लॉगमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधायचं. पहिल्यांदा जिथे सापडेल तिथून वर वाचत जायचं, खरं कारण दहा-वीस ओळींत असतं. शेवटून वाचणारे रोलबॅकच्या (केलेलं उलटवण्याच्या) ढिगाऱ्यात हरवतात.

विंडोज इन्स्टॉलर १९९९ साली ऑफिस २००० बरोबर आला. तेव्हापासून ही युक्ती बदललेली नाही आणि व्हेंडरही बदललेले नाहीत.

रात्रपाळी

@जुनाजाणता, ३०१० हा एक्झिट कोड राहिला की. ३०१० म्हणजे झालं, रीस्टार्ट हवा. कितीतरी स्क्रिप्टा शून्य सोडून बाकी सगळ्याला फेल समजतात आणि बसलेलं सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा बसवतात. १६४१ आला तर रीस्टार्ट सुरूच केलाय त्याने, आता फोनजवळ बसा. १६१८ म्हणजे दुसरं कुठलंतरी इन्स्टॉलेशन चालू आहे, नंतर या. इंट्यून त्याला 'पुन्हा प्रयत्न' असंच धरतं.

निमूट

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: हाताने बसतं आणि इंट्यूनमधून बसत नाही, असं होतंच का? फाइल तीच, मशीन तेच.

रात्रपाळी

@निमूट, शंका बाळबोध नाही. माणूस तोच नाही ना.

हाताने बसवता तेव्हा तुम्ही तुमच्या खात्याने, तुमच्या डेस्कटॉपवर असता. इंट्यून बसवतं ते सिस्टम खात्याने (विंडोजच्या स्वतःच्या), सेशन झिरोमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेवांसाठीच्या सेशनमध्ये. व्हिस्टापासून सेशन झिरो वेगळं केलंय, तिथली खिडकी कुणालाच दिसत नाही. इन्स्टॉलरने तिथे 'ओके?' विचारलं की तो ओकेची वाट बघत राहतो. इंट्यून डीफॉल्टने ६० मिनिटं थांबतं आणि फेल म्हणतं. धागाकर्त्यांच्या २ मधला 'तासभर' मला अगदी ओळखीचा वाटतोय.

शिवाय सिस्टम खात्याला युजरच्या जोडलेल्या ड्राइव्ह दिसत नाहीत, युजरची प्रॉक्सी सेटिंग लागू होत नाहीत, आणि त्याचं स्वतःचं एक प्रोफाइल असतं.

म्हणून टेस्ट करताना अ‍ॅडमिन म्हणून डबलक्लिक करून बघू नका. पीएसएक्झेकने (दुसऱ्या खात्याने कमांड चालवणारं टूल) -आय -एस देऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा, हू-अ‍ॅम-आय टाइप करून सिस्टम असल्याची खात्री करा आणि तिथून तुमची कमांड जशीच्या तशी चालवा. -आयमुळे अडलेली खिडकी निदान तुमच्या डोळ्यांसमोर येते. नंतर -आय काढूनही एकदा चालवा. विंडोज सँडबॉक्समध्ये केलंत तर बंद केल्यावर सगळं साफ, दर वेळी कोरं मशीन.

आडवाट

एवढं सगळं वाचून मला धागाकर्त्यांचंच पटतंय. २०२१ मध्ये विनगेट १.० आलं. एका कमांडमध्ये सगळं अपडेट होतं. त्यानंतरही लोक रिटर्न व्हॅल्यू ३ शोधत बसतात याचं नवल वाटतं. ब्राउझर स्वतःला अपडेट करतो, ऑफिस करतं. पॅकेजिंग ही हळूहळू मरत चाललेली कला आहे. पॅचेस महिनाभर 'टेस्टिंग'मध्ये अडकवून ठेवणं हाच मोठा धोका आहे, आणि त्याबद्दल इथे कुणीच बोललेलं नाही.

स्क्रिप्टवाली

@आडवाट, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. बाकीच्याला विरोध.

विनगेट हे युजरसाठी रजिस्टर होणारं अ‍ॅप आहे. सिस्टम खात्यातून नुसतं 'विनगेट' म्हटलं तर कमांडच सापडत नाही, विंडोजअ‍ॅप्स फोल्डरमधून पूर्ण पाथ शोधून काढावा लागतो. म्हणजे तुमची 'एक कमांड' चालवायला मला स्क्रिप्ट लागलीच.

दुसरं, त्याच्या मॅनिफेस्टमध्ये (माहितीच्या फाइलमध्ये) इन्स्टॉलरचा हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, लिहिलेला असतो. व्हेंडरने त्याच यूआरएलवर नवीन फाइल टाकली की हॅश जुळत नाही आणि इन्स्टॉल थांबतं. हे बरोबरच आहे, थांबायलाच हवं. पण मग तुमच्या चारशे मशीनचं वेळापत्रक व्हेंडर त्याची वेबसाइट कधी बदलतो यावर ठरलं.

तिसरं, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आणि लेबल प्रिंटर विनगेटमध्ये शोधून दाखवा.

आडवाट

@स्क्रिप्टवाली, पाथ शोधायची स्क्रिप्ट एकदाच लिहायची असते, चाळीस अ‍ॅपसाठी चाळीस वेळा नाही. एखादी आवृत्ती अडवायची असेल तर विनगेट पिन आहे. आणि स्वतःचा सोर्स (पॅकेजचं भांडार) उभा करता येतो, बाहेरच्या यूआरएलवर अवलंबून राहायची सक्ती नाही.

प्रिंटर मान्य. प्रिंटरपुढे सगळेच हात टेकतात.

मिश्किल

स्वतःचा सोर्स उभा करायचा, त्यात फाइली भरायच्या, मॅनिफेस्ट लिहायचे, टेस्ट करायचे... आडवाटराव, यालाच पॅकेजिंग म्हणतात हो. आडवाटेने घरीच आलात.

आडवाट

:) हे मात्र बरोबर पकडलंत.

पाटीपेन्सिल

मी आयटीवाली नाही, अकाउंट्समध्ये आहे. तुमच्या भाषेत 'युजर'. सगळा धागा वाचला, निम्मा समजला. पण ज्यांच्या मशीनवर हे सगळं येऊन आदळतं त्यांचा उल्लेख फक्त 'माणूस फोन करतो' एवढाच!

महिनाअखेरीला एक्सेलमध्ये चार फाइली उघड्या असतात. अचानक एक्सेल बंद. कारण कुठलंतरी अ‍ॅड-इन अपडेट झालं. विचारलं तर उत्तर येतं, "मेल पाठवला होता." मेलमध्ये पॅकेजचं नाव आणि आवृत्तीचा नंबर. त्यावरून मला कसं कळावं की माझं एक्सेल बंद होणार आहे?

दुसरा प्रकार म्हणजे 'नंतर आठवण करा' असं बटण. ते मी दाबत राहते आणि एक दिवस बटणच गायब होतं. किती वेळा दाबता येणार हे आधी लिहा की.

जुनाजाणता

पाटीपेन्सिल, तुमचा प्रतिसाद आमच्या टीमच्या भिंतीवर लावायला हवा.

यावर जवळपास तयार उत्तर आहे. पीएसअ‍ॅपडिप्लॉय टूलकिट, ओपन सोर्स, २०१३ पासून आहे. इन्स्टॉलच्या आधी ते बघतं की एक्सेल उघडं आहे का. असेल तर खिडकी दाखवतं: अमुक अ‍ॅप बंद करावं लागेल, काम सेव्ह करा, इतक्या वेळा पुढे ढकलता येईल, त्यातले इतके उरले. शेवटची तारीखही घालता येते. अ‍ॅप उघडं नसेल तर युजरला त्रास न देता काम उरकतं. मजकूर आपल्या भाषेत लिहिता येतो, फक्त लिहिणाऱ्याने तो युजर म्हणून एकदा वाचावा. 'डिप्लॉयमेंट टाइप इन्स्टॉल सुरू होत आहे' असला मजकूर मी प्रत्यक्ष पडद्यावर बघितलाय.

इन्स्टॉलर आंधळेपणाने प्रोसेस मारतो तेव्हा दोष इन्स्टॉलरचा नसतो. उघड्या अ‍ॅपचं काय करायचं हे पॅकेज बांधणाऱ्याने ठरवलेलंच नसतं.

लिनक्सप्रेमी

आमच्याकडे अँसिबलची (अनेक मशीन एकदम सांभाळणारं टूल) चार ओळींची प्लेबुक, सगळ्या मशीनवर पॅकेज हजर. तुम्ही लोक फार सोसता.

रात्रपाळी

@लिनक्सप्रेमी, आणि पॅकेज मधेच डेबकॉन्फचा (लिनक्स पॅकेजची सेटिंग विचारणारा) निळा पडदा दाखवून प्रश्न विचारतं तेव्हा? फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह ठेवायचं विसरलं की तुमचं सेशन झिरोच. अनअटेंडेड-अपग्रेड्सने (आपोआप अपडेट करणाऱ्या सेवेने) डीपीकेजीचं (पॅकेज बसवणाऱ्या टूलचं) कुलूप धरून ठेवलेलं असतं तो तुमचा १६१८. नावं वेगळी, बाकी सोसणं सारखंच.

अर्धचंद्र

मॅकवाल्यांकडून थोडं. डिझ्नीच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत तयार झालेलं मुन्की हे सॉफ्टवेअर बसवणारं टूल आम्ही वापरतो, सोबत ऑटोपीकेजी. ऑटोपीकेजीची रेसिपी नवीन आवृत्ती आली का बघते, उतरवते, सही तपासते आणि मुन्कीच्या टेस्टिंग कॅटलॉगमध्ये टाकते. टेस्टिंगमधून प्रॉडक्शनमध्ये कधी न्यायचं ते माणूस ठरवतो.

वरच्या वादात मला हीच मधली वाट दिसते. उतरवणं, बांधणं, हॅश आणि सही तपासणं हे कंटाळवाणं काम आहे, ते यंत्राला द्या. सगळ्यांना कधी सोडायचं हा निर्णय मात्र आपोआप होऊ देऊ नका. आडवाट म्हणतात तो पॅच अडकण्याचा धोका खरा आहे, म्हणून टेस्टिंगला मुदत घाला. ठरलेल्या दिवसांत कुणी ओरडलं नाही तर पुढे.

स्क्रिप्टवाली

+१. आम्ही रिंग, म्हणजे अपडेट सोडायचे टप्पे, तशाच ठेवतो. पहिली रिंग आमची स्वतःची मशीन, दुसरीत प्रत्येक विभागातले एक-दोन जण, मग बाकी सगळे. दुसऱ्या रिंगमध्ये 'उत्साही' लोक भरू नका, ते काही बिघडलं तर स्वतःच दुरुस्त करतात आणि कळवत नाहीत. कुरकुर करणारे घ्या.

निमूट

रिंग असत्या तर १९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइकचा (सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटचा) गोंधळ टळला असता ना?

अर्धचंद्र

@निमूट, ग्राहकांच्या रिंगनी नसता टळला. सेन्सरची (मशीनवरच्या त्यांच्या प्रोग्रामची) एक आवृत्ती मागे राहण्याची सोय ग्राहकांना होती आणि अनेकांनी ती लावलेलीही होती. पण बिघडली ती कंटेंट फाइल (धोके ओळखायची माहिती), आणि कंटेंट अपडेट त्या सेटिंगखाली येत नव्हते. ते सगळ्यांना एकदमच जात. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीनना फटका बसला. तेव्हा आपल्या पॅकेजच्या रिंग आखताना हेही विचारा की हे सॉफ्टवेअर आपल्याला वळसा घालून स्वतःच काय काय उतरवतं.

जुनाजाणता

विषय निघालाच आहे तर काढून टाकण्याबद्दल दोन शब्द. अनइन्स्टॉल कमांड टेस्ट न करता पॅकेज सोडणारे पुष्कळ भेटतात, आणि ती लागते ती नेमकी बोंब उठल्यावर.

बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी काढायला विन३२_प्रॉडक्ट (विंडोजमधली ही यादी देणारी सोय) वापरू नका. नुसती चौकशी केली तरी तो मशीनवरच्या प्रत्येक एमएसआयची तपासणी सुरू करतो, आणि एखाद्यात खोट दिसली तर दुरुस्तीही. इव्हेंट लॉगमध्ये १०३५ ची रांग दिसली की समजा कुणीतरी यादी काढली. रजिस्ट्रीतली अनइन्स्टॉल की वाचा, झटपट होतं.

आणि एमएसआय आवृत्तीचे पहिले तीनच आकडे तुलनेत धरतो. व्हेंडर चौथा आकडा वाढवून 'नवीन आवृत्ती' म्हणून पाठवतो आणि अपग्रेडचं लॉजिक जागचं हलत नाही.

खटपट्या

सगळ्यांचे आभार, धागा इतका चालेल वाटलं नव्हतं.

मीटिंगच्या अ‍ॅपचा उलगडा झाला. इन्स्टॉलर पर-युजर निघाला, म्हणजे जो चालवेल त्याच्या लोकलअ‍ॅपडेटामध्ये बसणारा. चालवणारा होता सिस्टम. त्यामुळे अ‍ॅप जाऊन बसलं विंडोज\सिस्टम३२\कॉन्फिग\सिस्टमप्रोफाइल\अ‍ॅपडेटा\लोकलमध्ये. डिटेक्शन स्क्रिप्टमध्येही लोकलअ‍ॅपडेटाचाच पाथ, आणि तीही सिस्टम म्हणूनच चालते. तिला अ‍ॅप तिथेच सापडलं, कन्सोल हिरवं! व्हेंडरच्या साइटवर खोलात सगळ्या युजरसाठीचा एमएसआय मिळाला, तो प्रोग्राम फाइल्समध्ये बसतो. सिस्टमप्रोफाइलमधलं साफ करायला वेगळी स्क्रिप्ट सोडलीय.

विनगेट की पॅकेज, यावर ठरवलंय ते असं. ब्राउझरला त्याचं त्याला अपडेट होऊ देणार, फक्त पॉलिसीने चॅनेल बांधून ठेवणार. पीडीएफ रीडरसारखी साधी अ‍ॅप विनगेटने, पण रिंगमधून. अकाउंट्सची अ‍ॅड-इन, ड्रॉइंग आणि प्रिंटर हाताने बांधणार, टूलकिटसह. पाटीपेन्सिल, खिडकीतला मजकूर सोडण्याआधी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

अडलंय ते दोन ठिकाणी. बारा जीबीचं पॅकेज काही मशीनवर अर्ध्यातून मरतं. आणि प्रिंटर. पीएसएक्झेक -आयने चालवल्यावर खिडकी दिसली: 'हे डिव्हाइस सॉफ्टवेअर बसवायचं का?' हिला दाबून टाकायचा स्विच सापडत नाहीये.

पाटीपेन्सिल

जरूर करा. लाल पेन घेऊन बसते.

स्क्रिप्टवाली

बारा जीबीचं: डिस्कवर मोकळी जागा किती आहे ते बघा. आधी पॅकेज उतरतं, मग उलगडलं जातं, मग प्रत्यक्ष इन्स्टॉल. बारासाठी पस्तीस-चाळीस जीबी मोकळे हवेत. रिक्वायरमेंटमध्ये किमान जागेची अट घाला, म्हणजे जागा नसलेल्या मशीनवर सुरूच होणार नाही. इन्स्टॉलची ६० मिनिटांची मर्यादाही त्या अ‍ॅपपुरती वाढवा. आणि एकाच ऑफिसातली मशीन असतील तर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (मशीनने एकमेकांकडून फाइल घ्यायची सोय) चालू आहे ना बघा, नाहीतर चारशे वेळा बारा जीबी बाहेरूनच ओढले जातील.

रात्रपाळी

प्रिंटर: ती खिडकी इन्स्टॉलरची नाहीच, विंडोजची आहे. त्यामुळे इन्स्टॉलरचा कुठलाही स्विच तिला लागू पडणार नाही. ड्रायव्हरवर सही आहे, पण ती सही करणारा या मशीनला 'विश्वासू' म्हणून माहीत नाही, म्हणून विचारतंय. हाताने बसवून बघताना त्याच खिडकीत 'या प्रकाशकावर नेहमी विश्वास ठेवा' अशी खूण करा. मग सर्टिफिकेट मॅनेजर उघडून लोकल कॉम्प्युटरच्या ट्रस्टेड पब्लिशर्समधून ते सर्टिफिकेट एक्सपोर्ट करा. पॅकेजमध्ये आधी सर्टयुटिलने ते त्याच स्टोअरमध्ये घाला, मग पीएनपीयुटिलने अ‍ॅड-ड्रायव्हर, आणि शेवटी युटिलिटीचा इन्स्टॉलर. क्रम बदलू नका.

जुना प्रिंटर आहे म्हणताय, तर आधी ड्रायव्हरची कॅट फाइल (सही असलेली) सोबत आहे ना ते बघा. नसेल तर सहीच नाही, आणि मग हा सगळा खटाटोप फुकट.

खटपट्या

कॅट फाइल आहे. सर्टिफिकेट काढलं, दोन टेस्ट मशीनवर पॅकेज खिडकीशिवाय बसलं. उद्या दुसऱ्या रिंगला सोडतो.

मिश्किल

उद्या शुक्रवार आहे.

खटपट्या

सोमवारी सोडतो.